सहा फूट पाच इंच उंची, सायकलची कस्टम फ्रेम ठरली; आता चाकं कुठली?

ताडमाड, मुलुंड

नमस्कार मंडळी. नमनाला घडाभर तेल न घालता विचारतो. उंची ६ फूट ५ इंच, वजन १०४ किलो, इनसीम (पायाची आतल्या बाजूची लांबी) ९५ सेंमी. दुकानात मिळणारा सगळ्यांत मोठा साइझ गेली काही वर्षं चालवतोय. सीटपोस्ट शेवटच्या खुणेपर्यंत वर काढलेला, हँडल त्याच्या चांगलं अर्धी वीत खाली. दीडशे कि.मी. झाले की करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं, मान आखडते. त्यात मागचं २४ स्पोकचं चाक सारखं स्पोक तोडतं.

म्हणून स्टीलची कस्टम फ्रेम करायला टाकतोय. ड्रॉइंग आलंय: स्टॅक (पेडलांच्या मधल्या आसापासून हँडलखालच्या हेड ट्यूबच्या टोकापर्यंतची उभी उंची) ६७० मिमी, रीच (तेच अंतर आडव्या रेषेत) ४०५, चेनस्टे (त्या आसापासून मागच्या चाकाच्या आसापर्यंतची नळी) ४२०, डिस्क ब्रेक, ३५ मिमी टायरवर मडगार्ड बसेल एवढी जागा. घोडं अडलंय चाकांपाशी. एक मन म्हणतं, ५० मिमी उंचीच्या रिमची तयार कार्बन चाकं घे, २४ स्पोकची. आयुष्यात एकदाच करतोयस. दुसरं म्हणतं, अलॉय रिमवर ३२ स्पोकची हातानं बांधून घे.

लक्ष्य २०२७ चं पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस, फ्रान्समधली लांब पल्ल्याची सायकल राइड. म्हणजे त्या वर्षी २००, ३००, ४००, ६०० कि.मी. च्या राइडची सगळी मालिका पूर्ण करायची आणि मग ९० तासांत १२०० कि.मी. सरावाचे रस्ते आपले नेहमीचेच: ईस्टर्न एक्सप्रेस, घोडबंदर, कसारा, जुना मुंबई-पुणे हायवे. तुम्ही असता तर काय केलं असतं?

निवांत, दादर

चाकांचं जाणकार सांगतीलच. मी फक्त एवढं विचारतो, वसईच्या राइडला कधी येताय? तुमच्या मागे सायकल लावली की विरारपर्यंत वारा लागायचा नाही.

पद्या, डोंबिवली

रांगेत माझा नंबर दुसरा!

कार्बनवाला, अंधेरी

ताडमाड, कार्बन घ्या. 'कार्बन म्हणजे काच' हा समज अजून आपल्याकडे टिकून आहे, तो सोडायला हवा. मी मुंबईच्या रस्त्यांवर पावसाळ्यासकट कार्बन रिम वापरतो. पेव्हर ब्लॉकच्या काठावर, फ्लायओव्हरच्या जॉइंटवर माझ्या आधीच्या अलॉय रिमला पोचे पडायचे; कार्बनला अजून ओरखड्याशिवाय काही नाही. डिस्क ब्रेक असल्यानं रिम तापायचा किंवा झिजायचाही प्रश्न नाही. आणि बारा-चौदा तास सीटवर बसायचं असेल तर थोडे थोडे वाचलेले वॅटसुद्धा शेवटी पायांत शिल्लक राहतात.

मीनल, ठाणे

कार्बनवाला, रिम टिकते हे मान्य. पण चाक म्हणजे नुसती रिम नव्हे.

अहमदाबाद हायवेवरच्या एका ४०० कि.मी. राइडमधला प्रसंग सांगते. मनोरच्या पुढे, रात्री दोनच्या सुमाराला, आमच्यातल्या एकाच्या मागच्या चाकाचा स्पोक गेला. चाक महागडं, कंपनीचं तयार. स्पोक सरळ डोक्याचे, चपटे आणि त्या एकाच मॉडेलला लागणाऱ्या लांबीचे. २० स्पोकमधला एक गेल्यावर चाक एवढं आउट, म्हणजे वाकडं, झालं की टायर चेनस्टेला घासायला लागला. आम्ही टॉर्चच्या उजेडात शेजारचे स्पोक सैल-घट्ट करून पाहिले, पण निपल (स्पोक रिमला कसणारे नट) रिमच्या आत लपवलेले. टायर आणि टेप काढल्याशिवाय पाना लागणार नाही. चारोटी नाक्याला पंक्चरवाला जागा होता, बिचाऱ्यानं साध्या सायकलींच्या स्पोकचा अख्खा डबा आमच्यापुढे ओतला. एकही बसेना. मित्र टेम्पोत बसून घरी आला. पाय ताजे होते त्याचे, वेळही हातात होता.

४०० ला २७ तास मिळतात. वॅट वाचवून जेवढी मिनिटं मिळतील, तेवढी असा एक स्पोक एका रात्रीत खाऊन टाकतो. माझं मत ३२ ला, निपल बाहेरून दिसणारे, आणि स्पोक साधे वाकड्या डोक्याचे.

कार्बनवाला, अंधेरी

मीनलताई, तो दोष तयार चाकाचा झाला, कार्बनचा नाही. ३२ भोकांची कार्बन रिमही मिळते आणि तिच्यात वाकड्या डोक्याचे साधे स्पोक घालता येतात.

मीनल, ठाणे

हे बरोबर. मग आपलं भांडण मिटलंच जवळजवळ. :)

फिजिओ_अनघा, विलेपार्ले

चाकांकडे नंतर वळा. आधी सांगा, ड्रॉइंगवर सही झाली का? नसेल तर थांबा.

इनसीम ९५ म्हणजे ०.८८३ च्या जुन्या हिशेबानं सीटची उंची बॉटम ब्रॅकेटपासून, म्हणजे पेडलांच्या मधल्या आसापासून, ८४ सेंमीच्या आसपास. सीट ट्यूबचा कोन ७२.५ धरला तर सरळ उभ्या रेषेत ८० सेंमी. तुमचा स्टॅक ६७. वर हेडसेटचं झाकण, स्पेसर, स्टेम मिळून साधारण ६ सेंमी. म्हणजे हँडल अजूनही सीटच्या ७ सेंमी खाली राहणार. रविवारच्या लोणावळ्याला हे छान. १२०० कि.मी. ला, ज्याची करंगळी आत्ताच बधिर होते त्या माणसाला, नाही. करंगळी आणि शेजारचं बोट म्हणजे अल्नर नर्व्हवर दाब. शरीराचं वजन तळहातावर उतरतंय. स्टॅक ६९० मागा. रीच ४०५ ठीक वाटतोय.

स्पेसरचा मनोरा रचून हीच उंची मिळवू नका. कस्टम करताय ना, मग हेड ट्यूबच लांब करून घ्या. आणि सही करण्याआधी कुठेतरी हलत्या-सरकत्या फिट बाईकवर तासभर तरी पेडल मारा. वीस मिनिटांत कुणाचीच बोटं बधिर होत नाहीत.

गिअरबाज, कल्याण

क्रँक (पेडल बसतं तो हात) १८० मिमीचा घ्या, एवढ्या लांब पायांना १७५ म्हणजे खेळणं.

फिजिओ_अनघा, विलेपार्ले

हे सरसकट सांगू नये. क्रँक लांब केला की वरच्या टोकाला गुडघा आणि कंबर जास्त दुमडतात, शिवाय सीट तेवढी खाली घ्यावी लागते. १७५ वर गुडघा दुखत नसेल तर बदलायचं कारण काय? शिमानो १०५ चा क्रँक १७५ पर्यंतच येतो, त्यापुढचा हवा तर शोधाशोध आली. सुटे भाग कुठल्याही बऱ्या दुकानात मिळावेत, हे लांब राइडवाल्यानं आधी पाहावं.

कंपासपेटी, बोरिवली

अनघाताईंच्या हिशेबाचा पुढचा अर्धा भाग मी मांडतो, कारण मूळ प्रश्नाचं उत्तर तिथे दडलंय.

सीट ८४ सेंमीवर, कोन ७२.५. म्हणजे सीट बॉटम ब्रॅकेटच्या २५ सेंमी मागे. साधारण उंचीच्या माणसाची ७२ सेंमीवरची सीट त्याच कोनात २२ च्या आतच असते. बहुतेक कंपन्या मोठ्या साइझला सीट ट्यूब आणखी पडती ठेवतात, म्हणजे माणूस अजून मागे. चेनस्टे मात्र सगळ्या साइझना एकच, किंवा फार तर चार-पाच मिमीचा फरक. परिणाम काय, तर उंच माणूस जवळजवळ मागच्या आसाच्या डोक्यावर बसतो. वजन आधीच जास्त, त्यातला वाटाही मागच्या चाकाला जास्त. ताडमाड यांचे मागचेच स्पोक का तुटतात, याचं निम्मं कारण मला यात दिसतं.

म्हणून चेनस्टे ४२० नाही, ४४५ करा. मागच्या चाकावरचा भार कमी होईल, चढावर पुढचं चाक हलकं पडणार नाही, मडगार्डला जागा मिळेल, मागे बॅग लावली तर टाच लागणार नाही. तोटा एकच, सायकल लांब होईल. इमारतीची लिफ्ट छोटी असेल तर मागच्या चाकावर उभी करून न्यावी लागेल.

पद्या, डोंबिवली

लिफ्टचं सोडा, डोंबिवली लोकलच्या लगेज डब्यात नेऊन दाखवा. तीच खरी एन्ड्युरन्स.

वाशीची खाडी, नवी मुंबई

५० मिमीबद्दल. मी पाम बीच रोडवर रोज असतो. पावसाळ्याच्या तोंडाला नैर्ऋत्येचा वारा सुटला की उंच रिमचं पुढचं चाक हातातून खेचलं जातं, आणि वाशीच्या खाडीपुलावर तर शेजारून ट्रेलर गेला की वारा एकदम तुटतो आणि पुन्हा आदळतो.

कार्बनवाला, अंधेरी

१०४ किलोच्या माणसाला वारा ६० किलोवाल्याएवढा ढकलत नाही.

वाशीची खाडी, नवी मुंबई

माणसाला ढकलत नाही, हँडलला वळवतो. ताकदवान माणूस ते सावरतो, पण रात्रभर जागून पहाटे चार वाजता, डोळे मिटत असताना, पुन्हा पुन्हा सावरायचं कशाला? शिवाय वाऱ्याला मुख्य अडथळा असतो तो अंगाचा. एवढ्या उंच माणसानं हात आरामात वाकवून खाली राहता येईल अशी बैठक मिळवली, तर रिमच्या कितीतरी पट फायदा तिथे आहे.

वसईकर_सॅम, वसई

उंच फ्रेमवाल्यांना एक सांगायचं होतं, कुणी अजून काढलं नाही म्हणून लिहितो. कसारा उतरताना वेग साठच्या आसपास गेला आणि माझं हँडल थरथरायला लागलं. बघता बघता अख्खी सायकल सापासारखी वळवळू लागली. ब्रेक जोरात दाबले असते तर आडवाच झालो असतो. दोन्ही गुडघे दांडीला घट्ट दाबले, सीटवरचं वजन थोडं उचललं, हळूहळू वेग काढला. थांबलं. गुडघे दांडीला टेकवले की ती थरथर मरते. प्रत्येक उंच रायडरनं हे उतारावर जाण्याआधी लक्षात ठेवावं.

फ्रेमच्या बारीक लांब नळ्या, लांब हेड ट्यूब, वर बसलेलं वजन, सैल चाक, असं सगळं मिळून हे होतं. तेव्हा स्टीलवाल्याला नळीचा व्यास विचारा. साध्या माणसाला २८.६ मिमीची दांडी पुरते, तुम्हाला ३१.८ ची हवी, आणि डाउन ट्यूब ३५ किंवा ३८ ची.

गंपू, परळ

प्रश्न बाळबोध वाटेल, पण एवढ्या उंच माणसाला ७०० सी चाक लहान दिसत नाही का? माउंटन बाईकची २९ इंची लावता येणार नाहीत?

कंपासपेटी, बोरिवली

बाळबोध नाही, पुष्कळांना पडतो. दोन्हींच्या रिमचा व्यास एकच, ६२२ मिमी. २९ चं चाक मोठं दिसतं ते जाड टायरमुळे.

हवाभरे, घाटकोपर

रिम घेताना ती हुकवाली (टायर धरायला काठाला आतून आकडी असलेली) आहे की हुकलेस, ते बघा. हुकलेस रिमवर ५ बारच्या वर, म्हणजे ७२ पीएसआयच्या वर, हवा भरायची नसते. साठ-सत्तर किलोच्या माणसाला ही मर्यादा कधी जाणवतही नाही. तुम्ही, सायकल, पाणी, बॅग मिळून १२० किलो. ३२ मिमी टायरला मागे सत्तरच्या आसपास हवा लागणार, म्हणजे मर्यादेला टेकूनच. दुपारी डांबर तापलं की दाब आणखी वाढतो. हुकवाली रिम आणि मागे ३५ मिमी टायर घेतला तर साठात काम होईल आणि पाठही दुवा देईल.

आउटकाढे, लालबाग

धागा सकाळपासून वाचतोय. चाकं बांधणं हाच माझा धंदा, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

स्पोक वजनानं तुटत नाही. एका स्पोकवर माणूस लटकला तरी तो तुटायचा नाही. तुटतो तो थकून. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात खाली आलेले तीन-चार स्पोक किंचित सैल पडतात आणि वर जाताना पुन्हा ताणले जातात. स्पोक कमी असतील तर प्रत्येकाला जास्त सैल व्हावं लागतं. वाकड्या डोक्याच्या कोपऱ्यात ही ये-जा लाखो वेळा झाली की तिथे चीर पडते. त्यात मागच्या चाकाची कॅसेटकडची बाजू जवळजवळ उभी, तिचा ताण ११०-१२० किलो. दुसऱ्या बाजूला निम्म्याहून थोडा जास्त. जी बाजू आधीच सैल ती अजून सैल होते, आणि चाक आउट होत राहतं.

म्हणून मागे ३२ स्पोक, तीन क्रॉस, म्हणजे प्रत्येक स्पोक दुसऱ्या तिघांना छेदून जाणारा. रिम अशी घ्या की भोकं मध्यभागी नसून एका बाजूला सरकलेली असतील. त्यानं दोन्हीकडचा ताण जवळ येतो. स्पोक बटेड, म्हणजे टोकांना २ मिमी आणि मध्ये १.८. बारीक स्पोक जास्त टिकतो हे ऐकायला उलटं वाटतं, पण मधला बारीक भाग ताण झेलताना लांबतो आणि कोपरा वाचतो. कॅसेटच्या बाजूला तर मी तुमच्यासाठी डोक्याशी २.३ मिमीचा घालीन.

निपल पितळी. ॲल्युमिनियमचे रंगीत निपल समुद्राकाठच्या गावात घेऊ नका. वरळी, कुलाबा, मढ इथून आलेल्या चाकांत ते पांढरी भुकटी होऊन अडकलेले असतात, पाना लावला की गोल होतात. कार्बन रिमला चिकटलेले असतील तर आणखी लवकर.

बाकी, चाक बांधणं म्हणजे तंबोरा लावणं. बांधून झालं की मी एकेका बाजूचे स्पोक नखानं छेडत जातो. एका बाजूचे सगळे एका सुरात बोलले पाहिजेत. मग जोडी-जोडीनं मुठीत धरून जोरात दाबायचे. कट-कट आवाज येतो, पीळ सुटतो, चाक थोडं आउट होतं. पुन्हा आउट काढायचा, पुन्हा दाबायचं. आवाज यायचा थांबला की चाक तयार. यंत्रावर बांधलेल्या पुष्कळ चाकांत हा पीळ आतच राहिलेला असतो, आणि गिऱ्हाईक पहिल्या महिन्यात 'टिक टिक वाजतंय' म्हणत येतं.

मीनल, ठाणे

काका, हा प्रतिसाद वेगळा धागा करून वर चिकटवायला हवा.

पुढच्या हबबद्दल माझी भर. डायनॅमो हब, म्हणजे चाक फिरलं की दिव्याला वीज देणारा, घ्या. ६०० आणि १२०० ला बॅटरी दिव्यांची चिंता एकदम संपते. सोन २८ हा ३२ भोकांत येतो, म्हणजे पुढेही ३२ करा. दोन्हीकडे एकच रिम चालेल.

गिअरबाज, कल्याण

ब्रेक पॅड मेटलचे घ्या. रेझिनचे पॅड पावसाळ्यात चिखलानं बघता बघता झिजतात, आणि तुमचं वजन बोरघाटात थांबवायचंय.

जुना_खेळाडू, गिरगाव

बोरघाटाचं नाव निघालं म्हणून. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत घाट सगळ्यांत आधी चढणाऱ्याला 'घाटांचा राजा' किताब मिळायचा. त्या काळी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक उभे असत, पाणी ओतत. जाड स्टीलच्या फ्रेमा, ३६ स्पोकची चाकं, आणि मागे हातावर मोजण्याएवढे गिअर. खोपोलीहून लोणावळ्यापर्यंत साडेपाचशे मीटरच्या आसपास चढ. पोरं त्यावर उभी राहून चढायची. तुमच्या सायकलीला सोपा गिअर मात्र नक्की लावा, पुढे ३४ मागे ३४ तरी.

पद्या, डोंबिवली

आजोबा, त्या शर्यतींवर लिहाच. आम्ही वाट बघतो.

स्टीलप्रेमी, माहीम

फ्रेम आली की रंगावर खूश होऊन लगेच जोडणीला बसू नका. आतून जवसाचं तेल फिरवा, चार दिवस वाळू द्या. बॉटम ब्रॅकेटखाली पाणी निघायला भोक आहे ना, ते विचारून घ्या. आपल्या हवेत स्टील बाहेरून नाही, आतून गंजतं.

कार्बनवाला, अंधेरी

सगळे प्रतिसाद वाचले. ५० मिमीचा आग्रह सोडतो, वाऱ्याचा मुद्दा पटला. पण मुद्रित अक्षरासारखं 'अलॉयच' असं कुणी लिहू नये. ३० मिमीची, हुकवाली, ३२ भोकांची कार्बन रिम पितळी निपलवर आउटकाढे काकांनी बांधली तर ती या सगळ्या अटींत बसते, आणि पोचा पडायची भीती नाही.

आउटकाढे, लालबाग

बसते. मी बांधून देईन. फरक एवढाच की अलॉय रिम खड्ड्यात गेली तर तीच रिम पुण्यात, नाशकात, बऱ्याच ठिकाणी मिळेल. बाहेरून मागवलेली कार्बन रिम गेली तर दीड-दोन महिने सायकल भिंतीला. २०२७ ची मालिका एकाच वर्षात पुरी करायचीय, मध्ये असा खंड परवडेल का, ते ताडमाड यांनी ठरवावं.

ताडमाड, मुलुंड

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढ्या आपुलकीनं इतकं नेमकं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं.

फ्रेमवाल्याशी बोललो. स्टॅक ६९०, चेनस्टे ४४५, दांडी ३१.८, डाउन ट्यूब ३८. त्यानं स्वतःहून सांगितलं की एवढ्या लांब चेनस्टेला बाटलीच्या मागे मडगार्डचा एक जादा बोल्ट देतो. सही पुढच्या आठवड्यात, फिटिंग झाल्यावर.

चाकं: अलॉय, सरकत्या भोकांची, हुकवाली, साधारण ३० मिमी. दोन्हीकडे ३२. मागे डीटी ३५० हब, पुढे डायनॅमो. टायर मागे ३५, पुढे ३२. काकांचा शेवटचा मुद्दा निर्णायक ठरला. एका वर्षात चार राइड पुऱ्या करायच्या असताना जी रिम हाताशी मिळते तीच माझ्यासाठी चांगली.

आउटकाढे काका, हब आणि रिम घेऊन येऊ का? स्पोकची लांबी मी इंटरनेटवरच्या कॅलक्युलेटरवर काढून ठेवलीय.

निवांत, दादर

मागच्या ३५ मुळे वाऱ्याच्या आडोशात काही फरक पडणार नाही ना? एवढंच विचारायचं होतं.

आउटकाढे, लालबाग

हब, रिम घेऊन या, स्पोक मागवू नका. रिमवर छापलेला ईआरडी (ज्यावरून स्पोकची लांबी काढतात तो रिमचा व्यास) दोन-तीन मिमीनं इकडेतिकडे असतो. मी कापलेले दोन स्पोक घालून प्रत्यक्ष मोजतो, मग लांबी ठरते. पुढच्या-मागच्या, डाव्या-उजव्या मिळून तीन-चार लांबी होतील. प्रत्येकी दोन जादा मागवू. ते चेनस्टेला टेपनं बांधून ठेवायचे, आणि आउटचा पाना बॅगेत. कॅसेटच्या बाजूचा स्पोक बदलायला कॅसेट उतरवावी लागते, ते मी तुमच्याकडूनच एकदा करून घेईन.

बांधल्यावर पहिले दोनशे-तीनशे कि.मी. चालवा आणि चाक परत आणा. सोमवारी दुकान बंद असतं.